म, त र, प न ल

फोडणी या शब्दावरून त्या रविवारी सकाळी भोयरांच्या घरात जेवढा आरडाओरडा झाला, त्याच्याशी स्वयंपाकघराचा काडीचाही संबंध नव्हता. स्वयंपाकघर शांत होतं. पोह्यांवरच्या तर्रीचं पातेलं गॅसवरून उतरवून इंदुताई दाराच्या चौकटीला टेकल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत पंच्याहत्तरीच्या आसपासची नऊ माणसं शाळा सुटल्यासारखी कशी वागतात ते बघत होत्या.

कवडूभाऊंचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. मोहितने वडिलांसाठी संध्याकाळी मानेवाड्यातला हॉल घेतला होता. शाल, श्रीफळ, दोन भाषणं असा रीतसर बेत होता. पण भिंतीवाल्यांना संध्याकाळपर्यंत दम कुठला! ते सकाळी नऊलाच हार घेऊन दारात हजर. भिंतीवाले म्हणजे मैदानाच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर बसून फुकटात फुटबॉलचे सामने बघणारे. सत्तरच्या दशकात त्या भिंतीवर चाळीस-पन्नास जण बसत. आता नऊ उरले होते. त्यांतल्या चौघांचे गुडघे कामातून गेले होते, जिभा मात्र सगळ्यांच्या शाबूत होत्या.

गोलसमोर चेंडू पायात आला की कवडू भोयर थांबायचा. बाकीचे एकवीस जण धावत असताना हा चेंडूवर पाय ठेवून उभा. शेवटी गोलकीपरलाच राहवायचं नाही, तो एका अंगाला झेप घ्यायचा, आणि चेंडू दुसऱ्या कोपऱ्यातून सावकाश जाळीत जायचा. तेल तापल्याशिवाय मोहरी टाकायची नाही, तसलाच प्रकार. म्हणून त्या थांबण्याला भिंतीवर फोडणी म्हणत. नाव यमुताईंनी ठेवलेलं. त्या भिंतीखाली उकडलेल्या शेंगा विकायला बसत, आणि त्यांचं लक्ष गिऱ्हाइकापेक्षा खेळाकडे जास्त असे.

वाद एवढाच होता, की ही फोडणी मनातल्या मनात दोन मोजेपर्यंत चालायची की तीन. यमुताईंचं म्हणणं दोन. मनोहररावांचं म्हणणं तीन. मनोहरराव महाल भागातले, निवृत्त हेडक्लार्क, त्यामुळे त्यांना तोंडी पुरावा चालत नसे. ते उठले, दिवाणावरची उशी पायाखाली घेतली आणि यमुताईंना टीपॉयसमोर गोलकीपर म्हणून उभं केलं. यमुताईंनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पदर खोचला. मनोहररावांनी मोठ्याने तीन मोजले आणि उशीला लाथ घातली. ती टीपॉय सोडून भलतीकडे गेली आणि सोफ्यावर बसलेल्या कवडूभाऊंच्या मांडीवर पडली. हातातले पोहे सदऱ्यावर आले.

‘‘गोल,’’ कवडूभाऊ शांतपणे म्हणाले, आणि सदऱ्यावरचे पोहे वेचून खाऊ लागले.

मग काय, एकेकाला चेव चढला. कुणाला तो पावसातला हेडर आठवला, कुणाला डाव्या पायाचा तो वळता फटका. आणि ते न बघता पास देणं! कवडू पास देताना कधी मान वर करून बघायचाच नाही. कुणीतरी ‘कवडू, गा’ म्हणून हाक मारायचा आणि चेंडू बरोबर त्याच्या पायात. त्याला बघायची गरजच नव्हती, मनोहरराव म्हणाले, अख्खं मैदान त्याच्या डोक्यात होतं. आणि खिलाडूवृत्ती केवढी! कामठीच्या संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला गोल केला आणि हा धावत गेला तो थेट कामठीच्याच फुलबॅककडे. कडकडून मिठी मारली त्याला. हरलेल्या माणसाला आधी जवळ घेणारा खेळाडू आपण पुन्हा पाहिला नाही, असं म्हणताना मनोहररावांचा आवाज खरोखरच दाटून आला.

कवडूभाऊ मान डोलावत ऐकत होते. इंदुताई मात्र पदर तोंडाला लावून आत वळल्या, कारण त्या मिठीचं खरं कारण जगात दोनच माणसांना ठाऊक होतं आणि त्यांतल्या एकीला हसू आवरत नव्हतं.

कवडूभाऊंना दिसत नव्हतं.

म्हणजे अगदी ठार आंधळे नव्हेत. हाताएवढ्या अंतरावरचं चांगलं दिसे. त्यापुढे सगळं पाण्यात पडल्यासारखं. इंदुताईंना हे कळलं लग्नाच्या चौथ्या दिवशी, इतवारीच्या बाजारात. त्या बांगड्या बघायला जरा थांबल्या, तेवढ्यात नवरदेव दुसऱ्याच एका हिरव्या लुगड्यामागे घरसंसाराच्या गोष्टी बोलत निघून गेले ते गल्लीच्या टोकापर्यंत. त्या बाईच्या भावाने गचांडी धरली तेव्हा कुठे त्यांना चूक कळली. घरी आल्यावर त्यांनी सगळं कबूल केलं आणि बायकोकडून शपथ घेतली. खेळाडू म्हणून सरकारी खात्यात नोकरी लागली होती, आणि लागताना डोळे तपासले होते. खरं बाहेर आलं तर नोकरी जाईल, ही धास्ती. ती शपथ इंदुताईंनी पन्नास वर्षं पाळली होती. बहीण पुष्पलतेलाही सांगितलं नव्हतं, आणि तिच्यापासून त्यांनी लपवलेली तेवढी एकच गोष्ट.

आज मात्र ती शपथ त्यांच्या घशात अडकली होती, आणि त्याला कारण फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक कागद.

तो अर्ज होता. नात नूपुर सोळा वर्षांची, शाळेच्या संघात सेंटर फॉरवर्ड. जिल्ह्याच्या मुलींच्या शिबिरात तिची निवड झाली होती आणि पालकाची सही करून अर्ज त्याच दिवशी पाचच्या आत प्रशिक्षकांकडे पोचायला हवा होता. मोहित सही करत नव्हता. महिन्याभरापूर्वी चेंडू चष्म्यावर बसून पोरीच्या भुवईवर तीन टाके पडले होते, आणि परवाच्या तपासणीत नंबर पाचवर गेला होता. सून करिष्मा नवऱ्याच्या बाजूची. टाके घालताना पोरीचा हात तिने धरलेला, तिला दोष कोण देणार! नूपुर जिन्याच्या पायरीवर बसून होती. रडत नव्हती, भांडत नव्हती, नुसती त्या कागदाकडे बघत होती. इंदुताईंना त्यापेक्षा तिने आदळआपट केलेली परवडली असती.

कारण असं बघणं त्यांनी आधी एकदा पाहिलं होतं. मोहित बारा वर्षांचा असताना त्याला चष्मा लागला. तोवर तो दिवसभर मैदानावर असे. चष्मा लागला आणि शाळेत, मैदानावर, जो तो म्हणू लागला, कवडूचा पोरगा आणि असा कसा? बापाची केवढी नजर! एके दिवशी पोराने बूट धुतले, वाळवले, कागदात गुंडाळले आणि स्वतःच माळ्यावर टाकले. कवडूभाऊ तेव्हा दारात उभे होते. ते बोलले नाहीत. इंदुताईही बोलल्या नाहीत. बूट अजून माळ्यावर होते, आणि दर दिवाळीला माळा झाडताना इंदुताईंच्या हाताला लागत.

त्या पोह्यांची दुसरी फेरी घेऊन बाहेर आल्या तेव्हा भिंतीवाल्यांना अर्जाची बातमी लागलेली होती. यमुताई नूपुरच्या बाजूने मोहितला टाकून बोलत होत्या. बाकीचे मोहितचं बरोबर की चूक ते ठरवत होते. मोहित वैतागून मनोहररावांकडे वळला.

‘‘काका, तुमीच सांगा हिले. बाबांची नजर होती म्हणून बाबा खेळले. माझी नव्हती, मी सोडलं. हिची नाही, हिनं सोडावं. यात मी वाईट काय बोलून राहिलो?’’

मनोहररावांनी चष्मा पुसला. पोरीचं मन दुखवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण हेडक्लार्कला खोटं लिहिता येत नाही. ‘‘बाळ, वडील बरोबर सांगतायत,’’ ते म्हणाले. ‘‘तुझ्या आजोबांची नजर ही देणगी होती. ती मागून मिळत नाही.’’

इंदुताईंनी नवऱ्याकडे बघितलं. कवडूभाऊ पोह्यांतला कढीपत्ता बाजूला काढण्यात गढून गेले होते.

मनोहररावांना आपण पोरीला फार लागेलसं बोललो असं वाटलं असावं. नजर देता येत नाही, पण मंत्र देता येईल, ते म्हणाले. हा मंत्र भिंतीची खरी ठेव होती. पेनल्टी मारायच्या आधी कवडू ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा. गोलामागच्या भिंतीवर अगदी टोकाला बसून मनोहररावांनी तीन हंगाम कान लावले आणि अक्षर अक्षर टिपून घेतलं. त्यांच्या दोन्ही मुलांनी परीक्षेला जाताना ते म्हटलं. यमुताईंच्या नातवाने बुटीबोरीला नोकरीच्या मुलाखतीत म्हटलं आणि तो चिकटला. बायपासच्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढेपर्यंत मनोहरराव स्वतः तेच म्हणत होते.

नऊ जणांनी हात जोडले आणि एका सुरात सुरुवात केली. ‘‘म. त र. प न ल. ग च व द.’’

कवडूभाऊंना जोराचा ठसका लागला. करिष्मा पाणी आणायला धावली.

नूपुर पायरीवरून उठली होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की आश्चर्य, ते इंदुताईंना कळेना. तिने विचारलं, ‘‘मनोहरआजोबा, पुढची ओळ?’’

पुढची ओळ कुणालाच माहीत नव्हती. तिथे कवडूचा आवाज फार बारीक व्हायचा, ते म्हणाले.

‘‘क स ज ट ह,’’ नूपुर म्हणाली.

मनोहरराव दोन पावलं पुढे आले. आजोबांनी शिकवली का, असं त्यांनी विचारलं. नूपुरने नकारार्थी मान हलवली.

‘‘इतवारीत चश्मेवाल्याकडे भिंतीवर लावलं आहे. तो लय जुना तक्ता नाही का, पिवळा पडलेला? परवा मले वरच्या दोनच ओळी दिसल्या. बाकी नंबर लावल्यावर.’’

कुणी हसलं नाही, कारण कुणाला काही कळलंच नव्हतं. फक्त मोहित हळूहळू वडिलांकडे वळला. कवडूभाऊंनी पाण्याचा पेला ओठाला लावला आणि मंत्र सगळीकडे सारखेच असन, असं काहीतरी पेल्यात बोलले. असली पळवाट ते पन्नास वर्षं वापरत आले होते आणि आजही तिने सुटले असते. भिंतीवाले त्यांचं काहीही ऐकायला तयार होते. इंदुताईंना त्या क्षणी भीती वाटली ती याचीच, की हे आताही सुटतील आणि नूपुरचे बूटही माळ्यावर जातील. त्यांनी पोह्यांची परात टीपॉयवर ठेवली.

‘‘सांगता का मी सांगू?’’

कवडूभाऊ थांबले. पेला हातात तसाच. खोलीत बाकीचे सगळे हलत होते, कुणी खोकत होतं, कुणी खुर्ची सरकवत होतं, आणि ते एकटे स्तब्ध. इंदुताईंनी त्यांना मैदानावर असं उभं राहिलेलं कितीदा पाहिलं होतं. त्यांनी मनात मोजलं. एक. दोन. तीन.

‘‘मले दिसत नव्हतं, गा,’’ कवडूभाऊ मनोहररावांना म्हणाले. ‘‘फोडणी-बिडणी काही नाई. गोलकीपर म्हणजे मले नुसता एक डाग दिसे. तो डाग हलला की समजे, हा इकडे गेला. मंग मी तिकडे मारे.’’

एकदा तोंड उघडल्यावर मात्र ते थांबेनात. डोळे तपासायच्या आधी एका ओळखीच्या कंपाउंडरकडून तक्ता उतरवून घेतला आणि आठ दिवस पाठ केला, तिथपासून सगळं सांगितलं. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी सामना होता. पेनल्टी मिळाली तेव्हा तोंडात तीच अक्षरं घोळत होती आणि गोल झाला. मग सोडणार कोण? पास न बघता द्यायचे, कारण बघून उपयोग नव्हता. हाक येईल तिकडे चेंडू ढकलायचा, एवढंच.

‘‘अन् ती मिठी?’’ यमुताईंनी विचारलं. ‘‘कामठीवाल्याची?’’

‘‘मले वाटलं आपल्या टीममधला गोविंदा आहे.’’

यमुताईंनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. त्या हसल्या आणि भिंत कोसळावी तसे बाकीचे कोसळले. कुणी सोफ्यावर, कुणी एकमेकांच्या अंगावर. मनोहरराव तेवढे ताठ उभे होते. या माणसाच्या मंत्राचं आपण काय करून बसलो, असं इंदुताईंना झालं.

‘‘म्हणजे,’’ मनोहरराव सावकाश म्हणाले, ‘‘बायपासच्या वेळी मी डोळ्यांच्या डॉक्टरचा तक्ता म्हणत होतो?’’

‘‘हो गा,’’ कवडूभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

मनोहररावांनी थोडा विचार केला. ‘‘आणि मी वाचलो.’’

‘‘वाचला ना.’’

‘‘मग त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?’’ असं म्हणून मनोहररावांनी त्यांना मिठी मारली, आणि ही मिठी बरोबर माणसाला होती. ज्याला चांगलं दिसतं तो गोल करणारच, ते म्हणाले, त्यात कौतुक ते काय. आपण पंधरा वर्षं भिंतीवर बसून जे बघितलं ते आपल्याला वाटलं त्याच्या दुप्पट होतं. आणि मग भिंतीवाल्यांनी सगळे गोल पुन्हा पहिल्यापासून आठवायला घेतले. पावसातला हेडर? दिसलाच नव्हता, चेंडू डोक्यावर आपटला. सीनियर रेफरीला वाकून नमस्कार केला ते? आपल्या मास्तरांना समजून. यमुताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या म्हणत होत्या, आमी डोळे फाडून पाहत राहिलो अन् ज्याले दिसत नाही तो गोल करत राहिला.

मोहित हसत नव्हता. हसण्याची लाट जरा ओसरली तेव्हा त्याचा आवाज ऐकू आला, आणि तो फार मोठा नव्हता.

‘‘मी बारा वर्षांचा होतो, बाबा. मले काहून नाही सांगितलं?’’

कवडूभाऊ उठून त्याच्यासमोर उभे राहिले. ‘‘तवा नोकरीची भीती होती,’’ ते म्हणाले. ‘‘नोकरी संपल्यावर भीती गेली, अन् मंग तुले सांगाची लाज वाटली. तू बूट टाकले त्या दिवशी मी दारात उभा होतो रे. चुकलं माझं. तुझं काही चुकलं नव्हतं.’’

इंदुताईंना वाटलं आपणही काही बोलावं, आपलंही चुकलं म्हणून सांगावं. पण रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. मोहित वडिलांकडे बघत होता. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

‘‘गोविंदाकाका तर साडेपाच फुटांचे होते,’’ तो म्हणाला. ‘‘कामठीचा तो फुलबॅक केवढा होता?’’

‘‘सहा फूट,’’ नऊ जण एकदम म्हणाले.

‘‘मले वाटलं, आनंदानं फुगला असन,’’ कवडूभाऊ म्हणाले.

त्यावर मोहित जो हसला, तसा हसताना इंदुताईंनी त्याला पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. चष्मा काढून त्याने डोळे पुसले, ते पुन्हा भरले, पुन्हा पुसले. करिष्माने तेवढ्यात फ्रिजवरचा अर्ज काढला होता. पट्ट्याने डोक्याला बांधायचा, न फुटणारा चष्मा मिळतो, ती कुणाकडे न बघता म्हणाली, परवाच चश्मेवाल्याला विचारून ठेवलं आहे. म्हणजे ही बया दोन दिवसांपूर्वीच आपल्या बाजूला आली होती आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. इंदुताईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

अर्ज टीपॉयवर आला. नूपुरने वडिलांच्या हातात पेन दिलं. मोहितने ते कागदावर टेकवलं आणि थांबला. कुणीतरी ओठातल्या ओठात ‘म’ म्हणालं. दुसऱ्याने ‘त र’ म्हटलं. मग नऊच्या नऊ जण हळू आवाजात म्हणू लागले, आणि या वेळी त्यांना शेवटची ओळही येत होती. ‘ह’ला मोहितने सही केली. यमुताईंनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

करिष्माने कागद उचलून वाचला. ‘‘अहो, हे काय केलं? पालकाची सही खाली आहे. तुमी वरच्या ओळीत केली.’’

मोहितने चष्मा लावला आणि वाकून बघितलं. त्याची सही जिथे होती तिथे छापलं होतं, खेळाडूची सही. तो घाईघाईने दुसरा अर्ज कुठून छापून आणता येईल ते विचारू लागला. कवडूभाऊंनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ धरून ठेवला.

‘‘राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘हे बरोबर जागी आहे.’’

पालकाच्या ओळीवर करिष्माने सही केली. नूपुरने वडिलांच्या सहीशेजारी उरलेल्या जागेत आपलं नाव बारीक अक्षरात बसवलं. पाचच्या आत अर्ज तसाच गेला, खेळाडूच्या ओळीवर दोन सह्या असलेला, आणि तिकडे कुणी हरकत घेतली नाही.